व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर पुढे काय? तालुक्याच्या गावात आधार कुठे शोधायचा

कोयनाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी लोणची आणि गच्चीवरची बाग यापलीकडे फारशी लिहीत नाही, पण आता विषयच असा आहे की ओळखीत कुणाला विचारता येत नाही म्हणून इथे टाकतेय. कुणी आयडीवरून ओळखलंच तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नाव नको.

माझा धाकटा दीर दारूसाठी पुण्याच्या एका केंद्रात आहे, पुढच्या आठवड्यात घरी येतोय. वय चौतीस, लग्न झालेलं नाही (ठरलं होतं, मोडलं, कारण हेच). मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे त्याचं, हात इतका चांगला की आसपासच्या दहा गावांतून विहिरीच्या मोटरी त्याच्याकडेच येतात, आणि घोटाळा तिथेच आहे, कारण माणूस मोटर न्यायला येतो संध्याकाळी, पैसे देतो अर्धे आणि उरलेल्याचं "चल की, बसू जरा". दुकानापासून परमिट रूम चालत दोन मिनिटं.

केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी स्पष्ट सांगितलं की इथे दारू मिळतच नाही त्यामुळे इथलं न पिणं धरू नका, खरी सुरुवात घरी गेल्यावर, कुठल्यातरी ग्रुपला धरून राहायलाच पाहिजे. आता आमच्या गावात ग्रुप कुठला? भिशीचा आहे, ट्रेकिंगचा आहे, याचा नाही. कराड बसने तासाभरावर.

आणि सासूबाईंनी (आम्ही आत्या म्हणतो) अख्ख्या भावकीत सांगून ठेवलंय की तो चाकणला कंपनीत ट्रेनिंगला गेलाय. म्हणजे कुणाची मदत मागायची तर आधी ते खोटं मोडायला लागणार आणि आत्या त्याला अजिबात तयार नाहीत. ह्यांचं म्हणणं "आईला दुखवू नकोस, बघू नंतर".

ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी सांगा, पहिले तीन-चार महिने काय केलंत. उपदेश नको, तो भावकीत फुकट मिळतो.


फुकटचा_सल्ला | मंगळवार, सकाळी ८:०५

केंद्र बिंद्र सगळा पैसे काढायचा धंदा. माणसाने मनावर घेतलं की सुटते. आमचे मामा एका दिवसात सोडून बसले, परत हात लावला नाही. इच्छाशक्ती पाहिजे बास. आणि लग्न करून द्या त्याचं, जबाबदारी पडली की ताळ्यावर येतो माणूस.


गोदाकाठची | मंगळवार, सकाळी ९:३०

लग्न करून द्या?? कुणाची मुलगी?? तुमच्या घरातली देताय का? मी ती "जबाबदारी" होते ना, मला विचारा. सासरच्यांनी लपवून लग्न लावलं, हळदीच्याच रात्री कळलं मला. नंतर सगळे मलाच म्हणायला मोकळे, की बायकोला सांभाळता आला नाही.

कोयनाकाठ ताई, सविस्तर दुपारी लिहिते, आत्ता डबे भरायचेत. तोवर एकच सांगते, तो घरी आल्यावर त्याच्या तोंडाचा वास घेत फिरू नका. आम्ही सगळ्यांनी तेच केलं होतं.


आजचा_दिवस | मंगळवार, दुपारी १२:१५

कोयनाकाठ ताई, मी ठाण्याचा. एएमधला म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमधला. मुलगी बालवाडीत होती तेव्हा थांबलो, आता तिच्यासाठी स्थळं बघतोय, तेवढा काळ समजा.

आधी फुकटचा_सल्ला साहेबांच्या मामांना सलाम. तशी माणसं असतात, मी नाकारत नाही. पण ज्याला जमलं नाही म्हणून घरच्यांनी केंद्रात नेऊन ठेवलंय त्याला मामांची गोष्ट ऐकवून उपयोग काय? तो आधीच स्वतःला नालायक समजत असतो, त्यात भर.

आता ताई तुमचा प्रश्न. एए म्हणजे काय ते सांगतो कारण लोकांना वाटतं काहीतरी सत्संग आहे. १९३५ ला अमेरिकेत ॲक्रनला एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की बोलत बसलं की त्या दिवसापुरती प्यावीशी वाटत नाही. तेवढंच आहे ते अजूनही. मुंबईत बऱ्याच मीटिंगा मुन्शिपाल्टीच्या शाळांच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये होतात. तासदीड तास. एकेकजण आपलं सांगतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कुणी सल्ला देत नाही, टोकत नाही. चहा असतो. फी नाही, शेवटी डबा फिरतो त्यात वाटलं तर दहावीस रुपये टाकायचे, नाही टाकले तरी कुणी बघत नाही. आडनाव विचारत नाहीत. ओपन मीटिंग असली तर घरच्यांनाही बसता येतं, क्लोज्ड असली तर फक्त पिणाऱ्यांना.

तुमच्या गावात नाही म्हणता, पण कराड-साताऱ्याकडे चौकशी करा. मुंबईला जनरल सर्व्हिस ऑफिस आहे एएचं, त्यांच्याकडे देशभरातल्या ग्रुपांची यादी असते. लॉकडाऊनपासून ऑनलाइन मीटिंगाही सुरू झाल्यात, मराठीतसुद्धा, रोज रात्री कुठली ना कुठली चालू असते, मोबाईलवर जॉइन व्हायचं, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं. पण पहिल्या दिवसांत समोर माणूस बसलेला लागतो हे माझं मत. निदान आठवड्यातून एकदा तरी त्याला कराडला पाठवाच. एकट्याला नको, पहिल्या एकदोन वेळा भावाने सोबत जावं.

अजून एक. त्याला विचारा दिवसातला वाईट वेळ कुठला. जवळजवळ सगळ्यांचा एकच असतो, संध्याकाळी सहा ते नऊ. दुकान बंद करायचं आणि जेवायला वेळ आहे. ते तीन तास आधी भरा, बाकीचे एकवीस नंतर बघता येतात. ग्रुप ग्रुप म्हणजे शेवटी काय तर त्या तीन तासांत ज्याला फोन लावता येईल आणि जो "कशाला फोन केलास" असं न विचारता उचलेल असा माणूस.


तर्कतीर्थ_नव्हे | मंगळवार, दुपारी ३:५०

एएबद्दल आदर आहे, पण एक सांगायला पाहिजे. त्यात "उच्चशक्ती"ला शरण जायचं वगैरे आहे, त्यांच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांत देव अनेकदा येतो. मी नास्तिक, मला ते पहिल्याच मीटिंगला खटकलं, परत गेलो नाही. मी बंगलोरला असतो, इथे स्मार्ट रिकव्हरीच्या ऑनलाइन मीटिंगा धरल्या, त्या १९९४ पासून अमेरिकेत चालू आहेत, त्यात देव नाही, आपले विचार कसे चालतात, ओढ आली की काय करायचं याचा सराव असतो. पण सगळं इंग्रजीत, कोयनाकाठ ताईंच्या दिराला कितपत झेपेल माहीत नाही.

आणि प्रामाणिकपणे हेही लिहितो, नाहीतर आजचा_दिवस काका रागावतील :) २०२० मध्ये कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) रिव्ह्यू आला होता, २७ अभ्यास, दहा हजारांवर लोक, त्यात दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत एए आणि त्या पद्धतीची बारा पायऱ्यांची थेरपी ही बाकीच्या प्रस्थापित उपचारांइतकी किंवा जरा जास्तच चांगली निघाली. मला वाचून थोडा त्रासच झाला पण आकडे आकडे असतात.


आजचा_दिवस | मंगळवार, दुपारी ४:२०

रागावत नाही हो. आमच्या ग्रुपात एक जण दादरचं टिळक ब्रिजवरचं ट्रॅफिक हीच माझी उच्चशक्ती म्हणायचा, माझ्या हातात नसलेली गोष्ट ती. चालतं सगळं.


गोदाकाठची | मंगळवार, दुपारी ४:४५

हां आता लिहिते.

माझे मिस्टर मुक्तांगणला होते, येरवड्याला. ते १९८६ साली सुरू झालं, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पुलंनी मदत केली होती सुरुवातीला, हे बहुतेकांना माहीत असेल. तिथे मला सगळ्यात जास्त कशाचा उपयोग झाला सांगू का, तर सहचरी म्हणून बायकांचा ग्रुप आहे त्याचा. मी तिथे गेले ती "ह्यांना कसं सुधारायचं" विचारायला. बाजूला बसलेली बाई म्हणाली तू शेवटची कधी झोपलीस नीट? मला रडूच कोसळलं.

म्हणजे माझं म्हणणं असं आहे की तुम्ही दिरासाठी ग्रुप शोधताय पण आत्यांसाठी आणि स्वतःसाठी कोण शोधतंय? अल-अनॉन आहे, घरच्यांसाठी, १९५१ पासूनचं, तेही ऑनलाइन मिळतं. आत्या जाणार नाहीत हे मला दिसतंय :) पण तुम्ही जा. घरात एकजण तरी शहाणा असू दे.

खोटं बोलण्याबद्दल. आम्ही "शुगरचा त्रास, हवापालटाला गेलेत" सांगितलं होतं. मग ते आले तर ऑफिसातले मित्र साहजिकच घरी आले भेटायला, बाटली घेऊन, शुगर उतरली म्हणून सेलिब्रेशन! त्यांचा काय दोष, त्यांना कुणी सांगितलं होतं? लपवलं की पिणाऱ्यांना कळत नाही की याला विचारायचं नाही, आणि मदत करू शकणाऱ्यांना कळत नाही की याला विचारायचंय. दोन्हीकडून नुकसान. सगळ्या गावात दवंडी पिटू नका पण सहासात माणसं ठरवा आणि त्यांना खरं सांगा. कोणती ते दिराला ठरवू द्या, तुम्ही नाही.


वॉर्ड_नं_७ | मंगळवार, रात्री ९:१०

मी सरकारी हॉस्पिटलात मानसोपचार वॉर्डला नर्स आहे. दोनतीन गोष्टी लिहिते, डॉक्टरचा सल्ला याला पर्याय नाही हे धरून चाला.

डिस्चार्जच्या वेळी गोळ्या कुठल्या दिल्या ते नीट लिहून घ्या. डायसल्फिराम दिली असेल (ती घेऊन दारू प्यायली की तोंड लाल, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली) तर ती पेशंटला माहीत असून त्याच्या संमतीनेच द्यायची. हे मुद्दाम लिहितेय कारण एसटी स्टँडवर भिंतीवर जाहिराती असतात बघा, "न कळत जेवणातून द्या, दारू सुटेल". भाजीत मिसळून दिलेल्या अशा औषधांनी माणूस प्यायला तर जीवावर बेतू शकतं, आमच्याकडे अशी केस आलीय. शेवटच्या गोळीनंतर जवळजवळ दोन आठवडे तिचा परिणाम राहू शकतो. खोकल्याच्या काही औषधांत, काही टॉनिकांत अल्कोहोल असतं, मेडिकलवाल्याला विचारून घ्यायचं.

ओढ कमी करणारी वेगळी औषधं पण असतात, नॅल्ट्रेक्सोन वगैरे, त्याने दारूबरोबर तशी रिॲक्शन येत नाही. कुठली कुणाला हे डॉक्टर लिव्हर बघून ठरवतात.

दुसरं, रिलॅप्सबद्दल, म्हणजे परत प्यायला लागण्याबद्दल. अमेरिकेतल्या नायडा या व्यसनांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचा आकडा ४० ते ६० टक्के आहे, दमा बीपीमध्ये औषधपाणी न पाळल्याने परत त्रास होतो साधारण त्याच रेंजमध्ये. परत प्यायला म्हणजे केंद्र फुकट गेलं असं नाही, बीपी वाढलं म्हणून आपण पेशंटला घराबाहेर काढत नाही ना. पण ठरवून ठेवायचं की तसं झालं तर पहिला फोन कुणाला. भांडण सुरू झाल्यावर नंबर शोधत बसायला लागू नये.

केंद्र शासनाची हेल्पलाइन आहे नशामुक्तीची, १४४४६, फुकट. आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, मराठीत बोलतात.


कोयनाकाठ | मंगळवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचला धागा. ते "न कळत" वालं औषध आमच्या एका नातेवाईक बाईंनी आणून दिलं होतं मागच्या वर्षी, आम्ही वापरलं नाही, पण ते कपाटात पडून होतं अजून, आज टाकून दिलं. वॉर्ड ताई थँक्यू.

आत्यांशी बोलायचा प्रयत्न केला. म्हणाल्या "लोक काय म्हणतील". मी म्हटलं लोकांनी त्याला गटाराच्या कडेला उचललाय आत्या, तेही दोनदा, लोकांना माहितीये. त्यावर गप्प बसल्या. रागावल्या का काय कळत नाही.


माळकरी_अभियंता | बुधवार, सकाळी ६:४०

राम कृष्ण हरी. मी वेगळं सांगतो. आमच्या वडलांची दारू माळेने सुटली. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू मटण बंद, आणि महत्त्वाचं म्हणजे गावात परत कुणी आग्रह करत नाही. "माळकरी आहे" एवढं एक वाक्य पुरतं, त्यावर कोणी वाद घालत नाही, हळदीला, जत्रेला, इलेक्शनला, कुठेही. तुम्ही डायबेटीस सांगा, गोळ्या चालू आहेत सांगा, लोक म्हणतात "एकाने काय होतंय". माळेला कुणी एकाने काय होतंय म्हणत नाही.

आणि संध्याकाळचे जे तीन तास काका म्हणतायत ते आमच्याकडे हरिपाठ आणि भजनाला जातात. गावात भजनी मंडळ असेलच. पखवाज, टाळ, काहीतरी हातात द्या. हाताचा कारागीर आहे म्हणताय, शिकेल पटकन.

आत्ता आषाढी जवळ आलीये. माउलींची पालखी नीरा ओलांडून तुमच्याच जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम, पुढे चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण, तरडगाव, फलटण. दोन दिवस तरी ओळखीच्या दिंडीत चालू दे त्याला.


तर्कतीर्थ_नव्हे | बुधवार, सकाळी १०:००

नास्तिक असूनही या प्रतिसादाला +१. नकार द्यायला समाजमान्य कारण असणं ही फार मोठी सोय आहे. मी पार्टीत "मी पीत नाही" म्हटलं की वीस मिनिटं खुलासा द्यायला लागतो.

फक्त शंका एक, माळ घातली आणि पुढे तुटली, म्हणजे प्यायलाच, तर? मग दारूसोबत पाप केल्याची टोचणी. तो भार जास्त नाही का?


माळकरी_अभियंता | बुधवार, दुपारी १:१५

खरं आहे ते, नाकारत नाही. आमच्या आळीतल्या एकाची तशी तुटली आणि तो लाजेने मंडळात यायचाच बंद झाला, तिथे तो हरवला. म्हणून जाणते महाराज घाईने माळ घालत नाहीत, वर्षभर भजनाला ये म्हणतात आधी. माळ नंतर बघा, टाळ आधी.


आजचा_दिवस | बुधवार, दुपारी २:००

"टाळ आधी" हे भारी आहे. माझं म्हणणं भजन आणि मीटिंग दोन्ही ठेवा. भजनात त्याला "मला आज प्यावीशी वाटतेय" असं मोठ्याने म्हणता येणार नाही, मीटिंगमध्ये तेच म्हणायला जातात. आणि मीटिंगमध्ये गावातली माणसं भेटणार नाहीत, जी भजनात भेटतील.

दिंडीला जाऊ दे पण पहिल्या आठवड्यात नको बरं का. नवीन जागा, झोप नाही, पाय दुखतायत, भूक. आमच्यात शिकवतात की भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींत माणूस घसरतो, दिंडीत त्यातल्या दोन नक्की होतात.


लालबाग_८७ | बुधवार, रात्री ११:५५

इकडे सगळं दारूबद्दल चाललंय, माझं गर्दचं (ब्राऊन शुगर, हेरॉइनचाच प्रकार) आहे म्हणून लिहू की नको करत होतो.

आमची चाळ गिरणगावातली. ८२ चा संप झाला, वडील घरी बसले, त्यानंतरच्या काही वर्षांत ब्राऊन शुगर गल्लीगल्लीत आली, आमच्या वयाची अख्खी टीम त्यात गेली, क्रिकेटची टीम म्हणजे खरोखर अकरातले चार आज नाहीत. त्यातले दोघं केंद्रातून चांगले होऊन आल्यावर गेले. हे मुद्दाम सांगतोय. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस परत घेताना जुनाच डोस घेतो, शरीराला तो पेलत नाही. ज्यांच्या घरात गर्द, इंजेक्शन, अफूच्या गोळ्या असलं काही असेल त्यांनी सुटून आल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात धोक्याचे समजा. सुटून आला म्हणून निश्चिंत होऊ नका.

मला काय उपयोगी पडलं तर नार्कॉटिक्स ॲनॉनिमस (एएसारखंच, पण ड्रग्जवाल्यांसाठी), मुंबईत त्यांच्या मीटिंगा आहेत. वांद्र्याला फादर ज्यो परेरांची कृपा फाउंडेशन आहे १९८१ पासून, आमचे काहीजण तिथून बाहेर आले. आणि खरं सांगू तर अजून एक गोष्ट, नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याने मला कामाला ठेवलं. सगळं माहीत असून. रोजचा रोख हिशोब माझ्या हातात देत नव्हता सुरुवातीला, पण दुकानाची किल्ली दिली होती. रोकड नाही पण किल्ली. फार विचार करून केलं होतं त्याने ते.


गोदाकाठची | गुरुवार, सकाळी ७:५०

लालबाग दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. किल्लीचं वाचून दहा मिनिटं काम सुचलं नाही.

कोयनाकाठ, पैशाचं यावरून आठवलं. दिराच्या दुकानाचे पैसे यूपीआयने थेट वेगळ्या खात्यात घ्या सुरुवातीला, क्यूआर कोड लावून टाका. गिऱ्हाइकाने रोख अर्धे आणि बाकीचं "बसू" हा प्रकारच बंद. पण त्याला विचारून करा हां, त्याच्या मागून नाही.


झाडीपट्टी | गुरुवार, दुपारी १२:२५

आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे तरी चोरून मिळतेच, पण २०१६ पासून मुक्तिपथचं दारू-तंबाखूमुक्तीचं काम चालू आहे, त्यांचं तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक भरते, समुपदेशन होते. मोठं केंद्र नाही, आठवड्यातून एक दिवस खुर्ची टेबल. पण आपल्या बाजारच्या दिवशी, आपल्या गावात, त्यामुळे लोक येतात. तुमच्याकडे साताऱ्याला परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे ना, त्यांना फोन करून विचारा तालुक्यात काही फॉलोअप होते का. आणि नसेल तर मागा, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.


फुकटचा_सल्ला | गुरुवार, दुपारी १:०५

मी सहज लिहिलं होतं, एवढं मनावर घ्यायचं कारण नव्हतं. असो. मामांना काल फोन केला होता या धाग्यावरून. म्हणाले एका दिवसात सोडली हे खरं पण मग वर्षभर रोज संध्याकाळी शेजारच्या मास्तरांच्या ओसरीवर जाऊन बसायचो, ते बिचारे बुद्धिबळ शिकवायचे. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.


आजचा_दिवस | गुरुवार, दुपारी १:३०

मग मामांचा पण ग्रुपच होता की, दोन माणसांचा :) एएत पण दोन जण बसले तरी मीटिंग धरतात.


कोयनाकाठ | साधारण सहा आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:४५

धागा वर आणतेय. बरेच दिवस लिहिणं झालं नाही, व्यनि करणाऱ्यांना उत्तरं राहिलीत, सॉरी.

भाऊजी घरी आले. पहिला आठवडा सगळं घर काचेवरून चालल्यासारखं. आत्या त्यांच्या मागेमागे, दुकानात डबा द्यायच्या निमित्ताने दोनदा चक्कर. शेवटी भाऊजीच म्हणाले आई तू पोलीस चौकी टाक ना दुकानात. सगळे हसलो आणि जरा सैल झालं घर.

खरं कुणाला सांगायचं त्याची यादी त्यांनीच केली. आम्हाला वाटलं होतं मित्रांची नावं असतील, तर एकही मित्र नाही. समोरचा वेल्डिंगवाला, शाळेतले जुने पीटीचे सर, चुलत सासरे, मेडिकलवाला, माझे मिस्टर आणि मी. मेडिकलवाला का तर म्हणे दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि तो पीत नाही. किती साधा विचार, आम्हाला कुणाला सुचला नसता. सगळ्यांना भाऊजींनी स्वतः जाऊन सांगितलं. वेल्डिंगवाला म्हणाला मला माहितीच होतं, चाकणला कोण मोटर रिवायंडिंगवाल्याला ट्रेनिंग देतंय.

आत्यांनी स्वतःहून कुणाला सांगितलं नाही, पण चाकणचं नाव काढणं बंद केलंय.

कराडला जातात आठवड्यातून एकदा. पहिल्यांदा हे सोबत गेले, बाहेर उसाचा रस पीत बसले होते. भाऊजी बाहेर आल्यावर काही बोललेच नाहीत गाडीत, आणि घरी आल्यावर "तिथे एक साखर कारखान्यातला माणूस आहे, अगदी माझंच सांगत होता" एवढंच. तिथले एकजण आता रोज सात वाजता फोन करतात, भाऊजी दुकान बंद करताना. फोनवर बोलतबोलत घरी येतात, परमिट रूमसमोरून. रस्ता बदला म्हटलं तर म्हणाले लांब पडतो, फोन पुरतो. आजचा_दिवस काका, हे तुम्ही म्हणाला होतात तेच ना?

क्यूआर लावलाय. दोन गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत.

पालखीला गेले नाहीत. हरिपाठाला पण नाही, "मला गाता येत नाही आणि उगीच बसवत नाही" म्हणाले. माळकरी दादा राग मानू नका. त्याऐवजी पीटीचे सर रोज संध्याकाळी ग्राउंडवर मुलांना कबड्डी शिकवतात तिथे फ्लडलाइटचं वायरिंग करून दिलं आणि आता तिथेच असतात आठपर्यंत.

गटारीची भीती होती. त्या दिवशी दुकानाच्या कट्ट्यावर जुनी गँग आली होती गाडीवर बसवून न्यायला. वेल्डिंगवाल्याने पलीकडून वेल्डिंग चालू ठेवून ओरडून सांगितलं "तो नाही येणार, माझं काम आहे त्याच्याकडे". काही काम नव्हतं.

सगळं छान आहे असं नाही. चिडचिड खूप आहे, झोप कमी, मध्ये एकदा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, मी घाबरून समुपदेशक ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या हे होतं सुरुवातीच्या महिन्यांत, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. दाखवलं, गोळ्या बदलल्या. मी स्वतः अल-अनॉनची ऑनलाइन मीटिंग दोनदा केली, कॅमेरा बंद ठेवून, भांडी घासत. काही बोलले नाही अजून.


माळकरी_अभियंता | रविवार, रात्री १०:२०

राग कसला ताई. कबड्डीचं ग्राउंड म्हणजे पण वाळवंटच की आमचं.


वॉर्ड_नं_७ | रविवार, रात्री १०:४०

दोन दिवस न बोलणं लक्षात घेतलंत आणि डॉक्टरांकडे नेलंत हे फार चांगलं केलंत. दारू सुटल्यावर खाली दडलेलं नैराश्य वर येतं बऱ्याच जणांचं. ब्लड टेस्ट (लिव्हरची) तीन महिन्यांनी सांगितली असेल ती चुकवू नका.


नवी_आयडी_घेतली | सोमवार, पहाटे १:१०

मी पूर्ण धागा वाचला. प्रश्न विचारू का, सगळीकडे दीर, नवरा, वडील, मामा आहेत. पिणारी बाईच असेल तर? माझंच आहे. मुंबईत नोकरी, घरी नवऱ्याला माहितीये, सासरी माहेरी कुणालाच नाही. केंद्रात दाखल होऊन आले एवढं सांगते. माझ्यासाठी सहा माणसांची यादी होतच नाही, बाईने हे सांगितलं की लोक वेगळंच बघायला लागतात. मीटिंगला गेले होते, सगळे पुरुष, चांगले वागले पण मला तोंडच उघडता आलं नाही.


आजचा_दिवस | सोमवार, सकाळी ६:३०

ताई, आधी म्हणजे लिहिलंत ते चांगलं केलंत. एएमध्ये बायकांच्या वेगळ्या मीटिंगा असतात, मुंबईत आहेत आणि ऑनलाइन तर आहेतच, सर्व्हिस ऑफिसला फोन करून "विमेन्स मीटिंग" एवढंच विचारा, नाव सांगायची गरज नाही. आमच्या भागातल्या एक ज्येष्ठ बाई आहेत, त्यांना विचारून, त्या हो म्हणाल्या तरच, त्यांचा नंबर व्यनिने देतो.


गोदाकाठची | सोमवार, सकाळी ७:२०

मुक्तांगणमध्ये बायकांसाठी निशिगंध म्हणून वेगळा विभाग आहे. तुम्ही दुसरीकडून आला असलात तरी फोन करून विचारा फॉलोअपचं, विचारायला काय हरकत आहे.

आणि यादी सहाचीच हवी असं काही नाही हो, ते मी आपलं सहज म्हटलं होतं. नवऱ्याला माहितीये म्हणजे एक झालाच.


कोयनाकाठ | सोमवार, सकाळी ९:००

नवी_आयडी ताई, व्यनि केलाय, बघा. माझी अल-अनॉनवाली मीटिंग बुधवारी असते, तिथल्या संयोजक बाई स्वतः पूर्वी पिणाऱ्या आहेत असं त्या उघडपणे सांगतात, त्यांच्याशी बोलायचं असेल तर मी विचारते. काका, त्या ज्येष्ठ बाई हो म्हणाल्या तर त्यांचा नंबर मला पण कळवा, कराडच्या ग्रुपात एकांच्या मुलीसाठी हवाय.